घरी रुग्ण सांभाळणाऱ्यांचा ताण : परिचारिकांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) वॉर्डात, म्हापशाच्या आझिलो आणि मडगावच्या हॉस्पिसियो या जिल्हा इस्पितळांत, तालुक्याच्या आरोग्य केंद्रावर किंवा घरभेटीवर काम करणाऱ्या परिचारिकांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. पक्षाघात, स्मृतिभ्रंश, कॅन्सर किंवा मोडलेलं खुब्याचं हाड घेऊन रुग्ण घरी जातो, आणि तिथून पुढचं सगळं घरच्या एखाद-दुसऱ्या माणसावर पडतं. त्या माणसाला धीर देणं गरजेचं आहेच. पण ताण खरा उतरतो तो कामं हाताला जमू लागली, रात्रीची सलग झोप मिळू लागली आणि भार वाटून घेणारं दुसरं कोणी उभं राहिलं की. या तिन्ही बाबतींत परिचारिका जितकं करू शकते तितकं दुसरं कोणी करू शकत नाही.

घरी रुग्णाचं नेमकं कोण करतं, हे कसं ओळखायचं?

फॉर्मवर सही करणारा आणि रात्री उठणारा माणूस पुष्कळदा वेगळा असतो. मुलगा आखातात किंवा जहाजावर, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात, घरी सून किंवा स्वतःच थकलेली बायको. डॉक्टरांशी फोनवर बोलतो मुलगा, आणि कपडे बदलते सून. आपण सूचना मुलाला देतो आणि त्या सुनेपर्यंत अर्ध्याच पोचतात.

तीन प्रश्न विचारा: रात्री कोण उठतं? संडास-लघवीचं कोण बघतं? औषधं कोण देतं? तिन्ही वेळा एकच नाव आलं तर ताण कुठे साठतो आहे ते कळलं. ते नाव आणि फोन नंबर केसपेपरवर ठळक लिहा, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरलाही कोणाशी बोलायचं ते समजेल.

बायकोचं करणारे नवरे यात हमखास सुटतात. ते तक्रार करत नाहीत, म्हणून सगळं ठीक आहे असं धरू नका. स्वयंपाक आणि बायकोची अंगस्वच्छता या दोन गोष्टींबद्दल त्यांना वेगळं विचारावं लागतं. दोन्हींत संकोच असतो, आणि तो कोणी मोडला नाही तर रुग्णाची आंघोळ चार-चार दिवस राहून जाते.

"कशा आहात?" विचारलं की "बरी आहे" एवढंच उत्तर येतं. मग ताण कळणार कसा?

त्या प्रश्नाला दुसरं उत्तरच नाही, त्यातून रुग्ण शेजारी पडून ऐकत असेल तर नाहीच नाही. आधी त्यांना बाजूला घ्या. औषधांच्या खोलीत, व्हरांड्यात, घरभेट असेल तर स्वयंपाकघरात. मग मोजता येईल असं विचारा:

"वहिनी, काल रात्री किती वेळा उठलात?"
"आज सकाळपासून तुमच्या पोटात काय गेलं?"
"घराबाहेर शेवटचं कधी पडलात? औषधं आणायला नव्हे, तुमच्या स्वतःच्या कामाला."
"तुमच्या बीपीच्या गोळ्या आहेत ना? शेवटची कधी घेतली?"

शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. रुग्णाच्या गोळ्यांचा डबा लखलखीत भरलेला आणि स्वतःची साखर वर्षभर तपासलेली नाही, हे चित्र नेहमीचं आहे. तिथेच बीपी मोजा, त्या आरोग्य केंद्रावर येत असतील तर साखर तपासून घ्या. कोणीतरी आपल्या दंडाला पट्टा गुंडाळून आपली चौकशी करतं आहे, यानेच पुष्कळजणी बोलत्या होतात.

बोलण्याखेरीज डोळ्यांनीही बघा. वजन उतरलेलं, तेच तेच विसरणं, बारीकसारीक कारणावरून वॉर्डातल्या आयाशी भांडण, रुग्णाला उत्तर द्यायची संधी न देता सगळं स्वतःच बोलणं. उद्धट नातेवाईक म्हणून ज्यांची पाळीबदलाच्या वेळी चर्चा होते, त्यांतले बरेच लोक तीन-चार रात्री न झोपलेले असतात.

ताण मोजायला एखादी प्रश्नावली वापरावी का?

सगळ्यांना नको, पण शंका असेल तिथे जरूर. काळजीवाहकांसाठी जगभर सर्वांत जास्त वापरली जाते ती झारिट प्रश्नावली. तिच्यात २२ प्रश्न आहेत, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ८८. २० पर्यंत ताण फारसा नाही, २१ ते ४० सौम्य ते मध्यम, ४१ ते ६० मध्यम ते तीव्र आणि ६१ च्या पुढे तीव्र, असा सर्वसाधारण अर्थ लावतात. वेळ कमी असेल तर १२ प्रश्नांची छोटी आवृत्ती आहे.

नैराश्याचा अंदाज घ्यायला दोनच प्रश्न पुरतात: गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस किंवा आनंद वाटत नाही असं किती वेळा झालं? उदास, हताश किती वेळा वाटलं? कधीच नाही याला ०, काही दिवस १, निम्म्याहून अधिक दिवस २, जवळजवळ रोज ३. दोन्ही मिळून ३ किंवा जास्त आले तर पुढची तपासणी हवी, डॉक्टरांना सांगा.

प्रश्नावली हातात देऊन निघून जाऊ नका. मोठ्याने वाचा आणि घरच्या बोलीत विचारा. आकडा नोंदवला आणि पुढे काहीच केलं नाही, तर सांगणारी पुन्हा कधी खरं सांगणार नाही.

वॉर्डात श्वास घ्यायला वेळ नाही. वेगळा वेळ कुठून काढायचा?

वेगळा काढू नका. ड्रेसिंग करताना, कूस बदलताना, नळीतून अन्न देताना घरच्या माणसाला बाहेर उभं करण्याऐवजी शेजारी उभं करा. हात चालू असताना बोलणं होतं आणि शिकवणंही होतं. पाळीत एका कुटुंबाला दहा मिनिटं दिली तरी आठवडाभरात बरंच पदरात पडतं. डिस्चार्जच्या दिवशी सगळं एकदम सांगितलेलं मात्र वाया जातं. त्या दिवशी त्यांचं लक्ष बिलात, गाडीत आणि घरी जिना कसा चढवायचा यात असतं.

डिस्चार्जच्या आधी काय काय शिकवलंच पाहिजे?

घरी गेल्यावर पहिल्या आठवड्यात जी भीती वाटते ती बहुतेक हाताला सवय नसल्याची असते. म्हणून नियम एकच: आपण एकदा करून दाखवायचं, त्यांनी आपल्यासमोर किमान दोनदा करायचं, आणि चुकलं तर काय करायचं ते त्यांच्या तोंडून ऐकायचं. "समजलं ना?" असं विचारू नका. "घरी गेल्यावर वन्संना हे कसं समजावून सांगाल?" असं विचारा, म्हणजे काय निसटलं ते लगेच कळतं.

नाकातल्या नळीचंच घ्या, कारण सर्वांत जास्त घाबरवते ती हीच. रुग्णाला पाठीमागे उशा लावून ३० ते ४५ अंशांत बसवायचं. नाकपुडीपाशी नळीवर केलेली खूण जागच्या जागी आहे ना, तोंडात नळीचं वेटोळं झालेलं नाही ना, हे आधी बघायचं. मग ३० मिली पाणी, नंतर डॉक्टरांनी किंवा आहारतज्ज्ञांनी ठरवून दिलेलं अन्न. मोठ्या माणसासाठी ते एका वेळी साधारण २०० ते २५० मिली असतं. सिरिंजचा दट्ट्या दाबून ढकलायचं नाही, सिरिंज उंच धरून आपोआप उतरू द्यायचं. पंधरा-वीस मिनिटं लागतात, लागू द्या. शेवटी पुन्हा ३० मिली पाणी आणि त्यानंतर किमान अर्धा तास, जमलं तर तासभर, रुग्णाला आडवं करायचं नाही.

चुकतं कुठे? पेज किंवा नाचणीचं सत्त्व नीट गाळलेलं नसतं आणि कणी नळीत अडकते. दोनदा बारीक गाळणीतून गाळायला सांगा. गोळ्या सगळ्या एकत्र कुटून अन्नात मिसळल्या जातात, त्यानेही नळी तुंबते. प्रत्येक गोळी वेगळी, बारीक पूड करून, पाण्यात. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या मात्र कुटायच्याच नाहीत, म्हणून नळी असलेल्या रुग्णाची औषधांची यादी डिस्चार्जआधी डॉक्टरांना दाखवून कोणत्या गोळ्या बदलायच्या ते ठरवून घ्या. आपल्याकडच्या उकाड्यात बनवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवायचं नाही. अन्न चालू असताना खोकला, धाप किंवा ओठ निळे दिसले तर तिथेच थांबायचं. नळी निसटली तर स्वतः आत ढकलायची नाही, आरोग्य केंद्र किंवा इस्पितळ गाठायचं. निसटलेल्या नळीने आपल्या हातून माणूस गेला, ही भीती घेऊन जगणारी घरं आहेत. "नळी निसटली तर काही तास अन्न चुकेल, घाबरू नका, फक्त पुन्हा आत घालू नका" एवढं वाक्य त्यांना आधी सांगितलेलं असलं तर रात्री दोन वाजताचा हलकल्लोळ टळतो. रुग्ण इन्सुलिनवर असेल तर मात्र अन्न बंद असताना इन्सुलिन द्यायचं का, हे आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या.

लघवीच्या नळीबद्दल: पिशवी नेहमी ओटीपोटाच्या खाली, जमिनीला न टेकता. दोन तृतीयांश भरली की रिकामी करायची. नळी मांडीखाली दबलेली नाही ना, ते बघायचं. चार तासांत पिशवीत काही आलं नाही, ओटीपोट फुगलं, थंडी वाजून ताप आला, लघवीत रक्त दिसलं, तर थांबायचं नाही.

हे सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरात, घरातल्या वाचणाऱ्याला येईल त्या लिपीत लिहून द्या. पाच ओळी वर: कधी घाबरायचं. पाच ओळी खाली: कधी घाबरायचं नाही. दुसरा भाग कोणी लिहीत नाही, आणि त्याचाच आधार जास्त होतो.

उचलून उचलून त्यांची कंबर गेली आहे. काय दाखवावं?

रुग्णाला काखेत हात घालून ओढणं आधी थांबवा. त्यात रुग्णाचा खांदा निखळतो आणि ओढणाऱ्याची कंबर जाते. जाड चादर आडवी दुमडून खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाखाली कायमची ठेवायला सांगा. दोघांनी दोन बाजूंनी तिची गुंडाळी अंगालगत धरायची, गुडघे वाकवायचे आणि एक-दोन-तीन म्हणून सरकवायचं, उचलायचं नाही. एकटीच असेल तर एका वेळी एक भाग: आधी खांदे, मग कंबर, मग पाय. जुने पलंग फार बुटके असतात. चारही पायांखाली मजबूत लाकडी ठोकळे लावून गादीची उंची काम करणाऱ्याच्या मांडीच्या वरपर्यंत आणली की कूस बदलणं आणि डायपर बदलणं दोन्ही सोपं होतं. रुग्ण स्वतः उठत असेल तर मात्र पलंग उंच करू नका, तो पडेल.

रात्रीची झोप कशी मिळवून द्यायची?

यावर आम्ही सर्वांत जास्त भर देतो. झोप तुटलेली असेल तर समुपदेशन, प्राणायाम, देवधर्म कशाचाच उपयोग होत नाही. ध्येय ठरवा: रोज सलग किमान चार तास, आणि आठवड्यातून एक पूर्ण रात्र.

आधी दोन-तीन रात्रींची नोंद ठेवायला सांगा. किती वाजता उठलं, कशासाठी. कारण कळलं की अर्धी कामं हलवता येतात. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी दिली जात असेल तर ती सकाळी देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. रात्री चार-चार वेळा उठण्यामागे पुष्कळदा एवढंच कारण निघतं. नळीतलं शेवटचं अन्न रात्री दहाला आणि पहिलं सकाळी सहाला बसवता येतं का ते आहारतज्ज्ञांशी बोला. पुरुष रुग्णाला रात्रीपुरता कंडोम कॅथेटर (लिंगावर बाहेरून बसवायची, लघवी पिशवीत नेणारी टोपी) लावता येतो. तो २४ तासांत काढायचा आणि कातडी बघायची. दिवसभर झोपलेला रुग्ण रात्री जागणारच, म्हणून दुपारनंतर त्याला बसवून ठेवा, उजेडात आणा.

कूस बदलण्याचं काय? साध्या गादीवर दर दोन तासांनी, हे बरोबरच आहे. पण एअर मॅट्रेस (विजेच्या पंपावर चालणारी हवेची गादी) असेल आणि कातडी शाबूत असेल तर रात्री हे अंतर वाढवून दहा, दोन आणि सहा असं करता येतं का, ते रुग्णाची पाठ आणि माकडहाड तपासून परिचारिकेने ठरवावं. सकाळी लाल दिसणाऱ्या जागी बोट दाबून सोडायचं. बोटाखालचा भाग पांढरा होऊन पुन्हा लाल झाला तर ठीक. दाबूनही लालच राहिला तर अंतर पुन्हा कमी करायचं आणि कळवायचं. लाल जागेवर तेल चोळायचं नाही. आतल्या इजा झालेल्या भागाला त्याने आणखी त्रास होतो.

दोन माणसं असतील तर "दोघंही अर्धवट जागी" हा प्रकार बंद करा. एकाने दहा ते तीन, दुसऱ्याने तीन ते सात, आणि ज्याची पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपायचं.

झोपेच्या गोळीची मागणी आली तर रुग्णाच्या पाकिटातली गोळी घरचंच कोणी घेत नाही ना, हे सरळ विचारा. हे बऱ्याचदा घडतं. रात्रीची दारू वाढली आहे का, तेही विचारा, बायकांनासुद्धा. रागावून नव्हे. झोपेसाठी घेतलेला पेग पहाटे झोप मोडतो, आणि रात्री रुग्ण पडला तर उठवत नाही, एवढं सांगितलं की मुद्दा पोचतो.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाच्या घरी वेगळं काय करायचं?

तिथला ताण अंगमेहनतीपेक्षा वागण्याचा असतो. सासूबाई शंभर वेळा तोच प्रश्न विचारतात, सुनेवर चोरीचा आळ घेतात, संध्याकाळ झाली की "मला माझ्या घरी सोडा" म्हणून दार ठोठावतात. घरच्यांना वाटतं, मुद्दाम करतात, किंवा म्हातारचळ लागला. हा मेंदूचा आजार आहे, हे समजावून सांगितलेलं पहिलं औषध ठरतं, कारण आळ मनाला लागणं त्याने कमी होतं.

गोव्यातच याचा पुरावा आहे. तिसवाडी आणि बार्देश तालुक्यांत ८१ कुटुंबांवर झालेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. स्थानिक, थोडंच प्रशिक्षण दिलेल्या घरभेट सल्लागारांनी सहा महिने कुटुंबांना आजाराची माहिती दिली, वागणं कसं हाताळायचं ते दाखवलं, आणि गरज पडेल तिथे मानसोपचारतज्ज्ञांची मदत मिळवून दिली. काळजी घेणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं, रुग्णाच्या वागण्याचा होणारा त्रासही कमी झाला. मोठं यंत्र, महाग औषध काही लागलं नाही. घरी येऊन ऐकणारा आणि दाखवणारा माणूस लागला, आणि तो पुन्हा पुन्हा यावा लागला.

घरभेटीत हे सांगा. वाद घालू नका: "घरी सोडा" म्हटलं तर "हेच घर आहे" असं न सांगता "चहा घेऊया, मग बघू" म्हणून अंगणात एक फेरी मारा. काळोख पडायच्या आधी, देवापाशी दिवा लावायच्या वेळेच्या अर्धा तास आधीच, खोलीतले सगळे दिवे लावा. सावल्यांनी भीती वाढते. आंघोळीला विरोध असेल तर वेळ बदला. दुपारचं ऊन, कोमट पाणी, बादली-लोटा, आणि आधी पाय, डोक्यावर पाणी शेवटी किंवा नाहीच. विहिरीला जाळी आणि कुलूप, दाराची कडी नजरेच्या वर, खिशात नाव आणि फोन नंबर.

आणि एक गोष्ट कधी चुकवू नका: दोन-तीन दिवसांत वागणं एकदम बिघडलं तर तो स्मृतिभ्रंश वाढला असं समजू नका. लघवीचा संसर्ग, मलावरोध, दुखणं, नवं औषध. डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा.

"सिस्टर, माझा हात उगारला गेला" असं कोणी सांगितलं तर?

ऐका. चेहरा बदलू देऊ नका. ज्या क्षणी ती हे सांगते त्या क्षणी तिने मदत मागितलेली असते. हात उगारण्याच्या आधी काय झालं होतं, ते एकेक पायरी मागे जात विचारा. बहुतेक वेळा ते एकच ठरावीक काम निघतं: कपडे बदलताना मारलेली लाथ, पहाटेचं ओरडणं. त्या कामाची पद्धत, वेळ किंवा माणूस बदला. तोवर तिला सांगा, राग चढला की रुग्ण पडणार नाही अशा अवस्थेत ठेवून खोलीबाहेर जायचं, तोंडावर पाणी मारायचं, पाच मिनिटांनी परत यायचं. डायपर पाच मिनिटं उशिरा बदलला तर काही बिघडत नाही.

अंगावर वळ, सांगितलेल्या कारणाशी न जुळणारी जखम, उपाशी ठेवणं, कोंडून ठेवणं दिसलं तर तो प्रश्न ताणाच्या पलीकडे गेला. वरिष्ठांना आणि डॉक्टरांना लेखी कळवा. ज्येष्ठ नागरिकांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आहे.

भाऊ-बहिणी, परदेशातला मुलगा हात लावत नाहीत. परिचारिकेने त्यात पडावं का?

भांडणात पडू नये, कामाच्या वाटणीत जरूर पडावं. घरच्या सुनेने मागितलेली मदत कुरबूर ठरते. तीच गोष्ट सिस्टरने कागद समोर ठेवून सांगितली की ऐकली जाते.

तिच्याबरोबर बसून चोवीस तासांचा कागद भरा: किती वाजता कोणतं काम, किती मिनिटं, कोण करतं. सगळीकडे एकच नाव आलेला तो कागदच पुरेसं बोलतो. मग तिच्या संमतीने वीस मिनिटांचा व्हिडिओ कॉल ठरवा, परदेशातल्या वेळेशी जुळवून. सुरुवात रुग्णाच्या प्रकृतीपासून करा, मग कागद दाखवा आणि प्रत्येकाला एकच प्रश्न: "यातलं कोणतं काम तुम्ही घ्याल, कोणत्या दिवसापासून?" लांबून करण्यासारखी कामं भरपूर असतात. महिन्याची औषधं आणि डायपर मागवणं, बिलं भरणं, डॉक्टरांच्या तारखा घेणं, केअरटेकरचा पगार. रोज ठरलेल्या वेळी आईशी अर्धा तास व्हिडिओवर बोलणं हेही काम आहे, तेवढ्यात घरची बाई निवांत आंघोळ करते. जहाजावरचा मुलगा रजेवर आला की पहिला आठवडा शिकण्याचा आणि नंतरचे आठवडे रात्रीची पाळी त्याची, असं आधीच ठरवा. फोनवर रोज सल्ले देणाऱ्याने एक काम घेतल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही, हेही कोणीतरी स्पष्ट म्हणावं लागतं, आणि परिचारिकेच्या तोंडून ते खपतं.

मुलं आई-वडिलांना पोसायलाच तयार नसतील तर २००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याखाली न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. तो शेवटचा मार्ग, पण तो आहे हे माहीत असावं.

चतुर्थीला घर पाहुण्यांनी भरतं. ती मदत की जास्तीचा ताण?

दोन्ही. आधी काही ठरवलं नसेल तर रुग्णाच्या कामात वीस माणसांच्या स्वयंपाकाची भर पडते. ऑगस्टच्या भेटीतच हा विषय काढा: वर्षभर न येणारी माणसं घरात आहेत, तर त्यांतल्या दोघांना नळीचं अन्न किंवा कूस बदलणं शिकवून ठेवूया. माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट) बांधायला जसे ठरलेले हात लागतात तसे रुग्णापाशीही ठरवा. शक्य असेल तर सणाच्या एका रात्री तिला सुट्टी. वाड्यावरच्या शेजारणीला "काही लागलं तर सांगा" ऐवजी "मंगळवारी चार ते सहा बसाल का?" असं विचारायला शिकवा.

पैशाच्या चिंतेवर परिचारिका काय करू शकते?

माहिती वेळेवर देऊ शकते. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना गोव्यात २०१६ पासून आहे. तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत, यादीतल्या उपचारांसाठी. कार्डाचं नूतनीकरण राहून गेलेलं असतं आणि ते दाखल व्हायच्या वेळी कळतं, म्हणून भेटीत कार्डावरची तारीख बघा. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून ज्येष्ठ, विधवा आणि दिव्यांगांना दरमहा मदत मिळते. पक्षाघातानंतर कायमचं अपंगत्व राहिलं असेल तर दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज सुचवा. डायपर, ड्रेसिंग, केअरटेकर यांवरचा खर्च मात्र घरालाच करावा लागतो. तिथे गरजेपेक्षा महागडं सामान घेतलं जात नाही ना, एवढं बघा.

पावसाळ्यात वीज जाते. ती धास्ती कशी कमी करायची?

मे महिन्यातच तयारी करून घ्या. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र) असेल तर तो साधारण ३०० ते ४०० वॉट वीज खातो. घरचा इन्व्हर्टर तेवढा भार किती वेळ ओढतो, हे वीज असताना एकदा प्रत्यक्ष चालवून बघायला सांगा. जोडीला एक सिलिंडर हवाच. पूर्ण भरलेला बी टाइप सिलिंडर मिनिटाला २ लिटर वेगाने साधारण १२ तास पुरतो. किल्ली आणि रेग्युलेटर सिलिंडरला बांधून ठेवा आणि जोडणी अंधारात टॉर्चवर एकदा करवून घ्या. ऑक्सिजनच्या खोलीत समई, उदबत्ती, विडी काही नको. देवघर त्याच खोलीत असेल तर दिवा दुसरीकडे हलवावा लागेल, हे आधी घरातल्या थोरांशी बोला.

एअर मॅट्रेसची हवा वीज गेली की उतरते आणि रुग्ण खालच्या फळीवर टेकतो. म्हणून तिच्याखाली फोमची गादी असू द्या, आणि वीज येईपर्यंत दर दोन तासांनी कूस.

पैसे देऊन केअरटेकर ठेवली की ताण संपतो का?

कमी होतो, पण पहिले पंधरा दिवस वाढतो. कामं लिहून द्या, औषधं घरच्यांच्याच हातात ठेवा, आणि पहिल्या आठवड्यात तिला परिचारिकेने नळी, कूस, डायपर प्रत्यक्ष करायला लावून बघावं. तिची आठवड्याची सुट्टी कोण भरून काढणार, हे पहिल्याच दिवशी ठरवा.

"जगावंसं वाटत नाही" असं कोणी म्हणालं तर?

सरळ विचारा: "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने विचार येत नाही, बोलायला वाट मिळते. हो म्हटलं तर पुढे: कसं करायचं ते ठरवलं आहे का, गोळ्या किंवा कीटकनाशक घरात आहे का? रुग्णाला बरोबर घेऊन जायचा विचार येतो का, हेही विचारा. दीर्घ आजारात एकटीने करणाऱ्यांच्या मनात तो येऊ शकतो. बेत ठरलेला असेल तर तिला एकटं सोडायचं नाही, गोळ्या दुसऱ्याच्या ताब्यात द्यायच्या, डॉक्टरांना लगेच सांगायचं, आणि बांबोळीच्या आयपीएचबी या मानसोपचार संस्थेत न्यायची व्यवस्था करायची. तातडीसाठी १०८ रुग्णवाहिका. बेत नाही पण विचार येतात, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. नुसता नंबर लिहून न देता आपल्यासमोर पहिला फोन लावून द्या, आणि दोन दिवसांत स्वतः चौकशी करा.

रुग्ण गेल्यावर आपलं काम संपतं का?

एक फोन दोन आठवड्यांनी आणि एक दोनेक महिन्यांनी तरी करावा. दिवस-कार्य होईपर्यंत घर भरलेलं असतं, रिकामपण नंतर येतं. "मी शेवटच्या दिवशी नळीतून जास्त दिलं का?" असा प्रश्न मनात घेऊन बसलेल्या माणसाला फक्त परिचारिकाच उत्तर देऊ शकते, कारण तिला प्रकृती माहीत होती. खरं असेल तेच सांगा आणि स्पष्ट सांगा. उरलेली वेदनाशामकं, विशेषतः मॉर्फीन, घरात पडू देऊ नका, जिथून दिली तिथे परत करायला सांगा. आणि तिची राहून गेलेली साखर, डोळे, दात यांच्या तपासणीची तारीख त्याच फोनवर ठरवून टाका.

स्वतःचा मोबाइल नंबर द्यावा का?

केंद्राचा किंवा वॉर्डाचा नंबर द्या, आणि आपण कोणत्या दिवशी, किती ते किती वाजेपर्यंत त्या नंबरावर भेटू, तेही लिहून द्या. खासगी नंबर दिला की रात्री अकराला फोन येतो, एकदा उचलला जात नाही, आणि त्याच रात्री काही झालं तर दोन्हीकडे अपराधीपणा राहतो. रात्रीसाठी १०८, आणि सकाळी आठनंतर केंद्र, हे कागदाच्या सर्वांत वर मोठ्या अक्षरात असू द्या.